मागच्या पट्टीतली कॉफी

२७ ऑक्टोबर, सोमवार

तळमजल्यावरच्या आक्कांची तुळस मेली. आणि ती म्हणे मी मारली.

तोंडावर कुणी सांगितलेलं नाही. जिन्यात ऐकलं. विश्वजित – आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी – चेअरमन सयाजीरावांना सांगत होता, "तिनंच मुद्दाम दिलता न्हवं त्यो कॉफीचा चोथा. ह्यांस्नी तुळशीचं काय पडलंय?" मी वरून उतरत होते. दोघांनी मला पाहिलं. सयाजीराव लगेच हसले. "काय म्याडम, घसा कसा हाय?"

घसा! स्वरयंत्रावरची गाठ काढून चार दिवस झाले. डॉक्टरांनी चार आठवडे मौन सांगितलंय. कुजबुजसुद्धा नाही – कुजबुजण्यानं म्हणे जास्तच ताण येतो. पंचवीस वर्षं सभा केल्या. माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेला ऐकू गेलं पाहिजे असं बोलले. आणि आज दोन माणसं माझ्यादेखत मला "ह्यांस्नी" म्हणतात आणि मी पिशवीत पाटी शोधत उभी.

"ह्यांस्नी" म्हणजे कुणाला ते मला समजतं. बारा बिऱ्हाडांत आमचं एकच घर बौद्ध. दार उघडलं की हॉलमधला बुद्ध दिसतो. चार वर्षांत कुणी अवाक्षर काढलं नाही. एक तुळस वाळायची वाट बघत होते.

आकाराम म्हणाला, "जाऊ दे." माझा नवरा. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाला. तेहतीस वर्षं जाऊ दे म्हणतोय. मी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं – नाही जाऊ देणार. त्यानं वाचलं, ओल्या फडक्यानं पुसलं आणि चहा टाकायला गेला. एकट्याचा. मला चहा-कॉफी दोन्ही बंद.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

नीट लिहून ठेवते, म्हणजे रागाच्या भरात मागेपुढे व्हायला नको.

चार वर्षांपूर्वी कर्नाटकात कोडगूला एका मेळाव्यात बोलायला गेले होते. मानधन नव्हतं. शालही नव्हती, बरं झालं, कपाटात जागा नाही. तिथल्या मळ्यात काम करणाऱ्या बायकांनी दुधाच्या पिशव्यांत लावलेली कॉफीची चार रोपं दिली. कोल्हापुरात कॉफी जगणार नाही असं सगळे म्हणाले. ऊन फार, माती काळी. मी हट्टानं लावली. सोसायटीची मागची पट्टी – बिल्डिंग आणि कंपाउंडच्या मधली, बिल्डरचा राडारोडा पडलेली जागा – मी आणि आकारामनं साफ केली. शेजारच्या प्लॉटमधल्या आंब्याची सावली तिथं दिवसभर असते. लाल माती आणून टाकली, वर पाचोळा. एक पान पिवळं पडलं की मी पुस्तकं काढून बसायची.

या मार्चमध्ये पहिला फुलोरा आला. पांढरी फुलं, मोगऱ्यासारखा वास. मागच्या बाजूची सगळी घरं आठवडाभर खिडक्या उघड्या टाकून झोपली. तेव्हा वास कुणाच्या झाडाचा हे कुणी विचारलं नाही.

आता फांद्यांना फळं आहेत. बरीच हिरवी, काही पिवळट, दोन-चार लाल. पहिलं पीक. फार तर सात-आठ कप होईल. पण होईल.

आता चोथा. रिंग रोडला तेजस्वीचं कॅफे आहे. हुपरीची मुलगी. वडील चांदीची पैंजणं करतात, हिनं कॉफीचं मशीन आणलं. रोज पिशवीभर चोथा निघतो, तो ती कचऱ्यात टाकायची. मी म्हटलं, मला दे. आणि गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमात त्यावर वीस मिनिटं बोलले – कचरा म्हणजे काय, माती म्हणजे काय, आपण तिच्याकडून घेतो किती आणि परत देतो किती. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या कुंड्यांत चोथा. सयाजीराव स्वतः डबा घेऊन आले. "आमच्या गुलाबाला जरा हात सैल सोडा म्याडम."

त्यांचा गुलाब लगडलाय. त्याचं श्रेय कुणी मला दिलेलं नाही. तुळशीचा खून तेवढा माझ्या नावावर.

३० ऑक्टोबर

आकाराम बशीतून भुरके मारत चहा पितो. मुद्दाम पितो असं वाटायला लागलंय.

१ नोव्हेंबर, शनिवार

आज गॅलरीतल्या पुदिन्याच्या कुंडीत बोट घातलं. बोट आत जाईना. वर चोथ्याचा थर वाळून पापडासारखा कडक झालेला. पाणी ओतलं. वरच थांबलं, मग कडेकडेनं वाहून गेलं. खालची माती भुकटी. पुदिना संपला होता, मला पत्ताही नव्हता.

दुपारभर वाचलं. ओला ताजा चोथा कुंडीत थरानं घालायचाच नसतो. आधी वाळल्या पाल्यात मिसळून कुजवायचा, मग चिमूट-चिमूट. मागच्या पट्टीत निभावलं, कारण तिथं पाचोळा आहे, गांडुळं आहेत, मुळांना पळायला जागा आहे. आक्कांचं वृंदावन म्हणजे सिमेंटचा हातभर चौकोन. आणि देवाच्या झाडाला हात आखडता कसा घ्यायचा – आक्का रोज अंघोळ करून ओंजळभर घालत असणार. गुलाबाला डबा, तर तुळशीला दोन. मी तसं सांगितलं नव्हतं. पण असं करू नका, असंही सांगितलं नव्हतं.

म्हणजे तुळस चोथ्यानंच मेली. मी अर्धवट माहितीवर बोलले. हे मान्य करायला मला काही वाटत नाही. पण चूक वेगळी आणि "मुद्दाम" वेगळं! चूक कुणाकडूनही होते. मुद्दाम मात्र ठरावीक लोकांकडूनच होतं, असं यांनी ठरवून टाकलंय.

पाटीवर लिहिलं – आक्का, चोथा जास्त झाला. सांगण्यात चूक माझी. नवी तुळस मी आणते. खाली गेले. दार त्यांच्या मुलानं उघडलं, पृथ्वीराजनं. पाटी वाचली, माझ्याकडं पाहिलं. "आई झोपलीया." संध्याकाळचे साडेपाच वाजलेले. दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचं ऐकू आलं.

२ नोव्हेंबर, रविवार

खाली तुळशीचं लग्न. नर्सरीतून नवी तुळस आणली, मांडवाला ऊस, फटाके. दरवर्षी आक्का ताट पाठवतात – चुरमुरे, उसाची कांडकी, बोरं, आवळे. मी प्रसाद खात नाही, हे त्यांना माहीत आहे. तरी पाठवतात. आकाराम खातो. मी उसाचं कांडकं तेवढं घेते आणि म्हणते, ऊस हा प्रसाद नाही, ऊस हे पीक आहे. यावर आक्का हसायच्या.

आज ताट आलं नाही. आकारामनं दोनदा दार उघडून पाहिलं. मला प्रसाद नको असतो. न आलेला जास्त लागला.

आणि आक्का स्वतः? सोसायटी माझ्याबद्दल काय बोलते ते त्यांच्या कानावर नसेल? एक शब्द काढवत नाही? चार वर्षं त्या खालून आणि मी वरून गप्पा मारतोय. त्यांचं हे गप्प राहणं मी कुणाच्या खात्यावर टाकू?

४ नोव्हेंबर, मंगळवार

बोर्डावर नोटीस लागली. "विशेष सभा, रविवार १६ नोव्हेंबर. विषय: मागील पट्टीतील अनधिकृत झाडे काढून पेव्हर ब्लॉक बसवणे व चारचाकी वाहनांसाठी शेड उभारणे."

अनधिकृत झाडे! पुढं गेटवरचा गुलमोहर कुणाच्या अधिकारात आहे? सयाजीरावांचा गुलाब कुठल्या ठरावानं फुलतो? पृथ्वीराजनं दसऱ्याला दुसरी गाडी घेतली आणि ती उभी करायला जागा नाही, एवढी साधी गोष्ट. ती सरळ म्हणायची लाज वाटते. म्हणून आधी तुळस, मग चोथ्याचा वास, मग चोथ्यावर येणारी चिलटं, मग अनधिकृत.

नोटीस वाचत होते तेवढ्यात सयाजीराव दुधाची पिशवी घेऊन आले. "आता तुमास्नी बोलायला येत न्हाय न्हवं म्याडम, म्हणून म्हटलं एवढ्यातच मीटिंग उरकून घेऊ." आणि स्वतःच्या विनोदावर खो खो हसले. वाईट मनाचा माणूस नाही. त्यानं आणखी संताप होतो. वाईट मनाच्या माणसाशी कसं लढायचं ते मला येतं.

७ नोव्हेंबर

भाषण लिहिलं. मी बोलू शकत नाही, तर आकाराम वाचेल. तीन पानं. सुरुवात तुळशीनं केली – चूक झाली, मुद्दाम नव्हतं. मग पट्टीची मूळ अवस्था. मग शहरात सावलीची किंमत. मग एखाद्या माणसाच्या हेतूबद्दल त्याची जात बघून निष्कर्ष काढण्याची सवय. इथं पेन जरा तापलं.

आकारामनं मोठ्यानं वाचून दाखवलं. पेठ वडगावची गाडी किती नंबर फलाटावर लागली आहे ते सांगतात तसं. स्वल्पविराम सगळे वाया. "निष्कर्ष" वर दोनदा अडखळला.

"लई कडक लिवलंयस," म्हणाला. "हे ऐकून माणसं तुझ्याकडनं असली तरी तिकडं जातील."

मी पाटीवर लिहिलं – मऊ लिहून काय मिळालं आजवर?

"मला कडक लिवून काय मिळालं त्ये बी ठावं न्हाय," म्हणाला आणि चष्मा पुसत बसला.

१० नोव्हेंबर, सोमवार

पृथ्वीराजनं नवी गाडी मागं घेताना कडेच्या झाडावर घातली. एक अख्खी फांदी खोडापासून चिरली. फळांनी भरलेली. हिरवी फळं चाकाखाली.

मी धावत खाली गेले. तो काच खाली करून म्हणाला, "चुकून लागलं हो म्याडम. मुद्दाम कोण करतंय?"

मी पाटीवर लिहिलं – माझंही चुकूनच झालं होतं.

त्यानं वाचलं. "त्ये येगळं," म्हणाला. काच वर.

त्ये येगळं! तीन पानांच्या भाषणात मला जे सांगता आलं नाही ते त्यानं दोन शब्दांत सांगितलं. फांदीला काठी बांधून चिंधी गुंडाळली. जोडली जाईल असं वाटत नाही.

१२ नोव्हेंबर

तेजस्वीकडचा चोथा आता गोणीत वाळक्या पाल्याबरोबर कुजवते आहे. वर झाकण. चिलटं नाहीत, वास नाही. हे बघायला सोसायटीतलं एकही माणूस आलेलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

सभा झाली. झाडं राहिली. मी इतकी संतापलेली गेल्या कित्येक वर्षांत नव्हते.

पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या. खुर्च्यांवर पुरुष, नेहमीप्रमाणं. बायका थर्मास घेऊन कडेला, कपांचा खळखळाट. मी एकटी खुर्चीत. आकाराम उठला, खिशातून तीन पानं काढली. सयाजीराव म्हणाले, "काका, बसा. त्याची काय गरज न्हाय. झाडं राहू द्यायची ज्यांना मंजूर, त्यांनी हात वर करा."

सगळे हात वर! विश्वजितचा. पृथ्वीराजचासुद्धा. क्षणभर माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे लिहायला लाज वाटते.

मग सयाजीरावांनी माझ्यापुढं हात जोडले. "झालं न्हवं म्याडम तुमच्या मनासारखं? आता तेवढं पोलिसात-बिलिसात काय जाऊ नका. उगा अ‍ॅट्रॉसिटी-बिट्रॉसिटी… आमी आपली पोराबाळांची माणसं." मागं कुणीतरी हसलं. आणि लगेच चहा आला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मी पोलीस हा शब्द उच्चारला नव्हता. मुळात मी कुठलाच शब्द उच्चारला नव्हता!

हा कायदा मी गावोगाव समजावून सांगितलाय. ज्यांच्या घरांवर दगड आले, ज्यांना पाणवठ्यावरून हाकललं, ज्यांच्या पोरींना रस्त्यात अडवलं, त्यांच्यासाठी तो आहे. पोलीस ठाण्याच्या पायरीवर तासन् तास बसलेल्या बायकांबरोबर मी बसलेय. तो चार कॉफीच्या झाडांसाठी वापरावा असं मला स्वप्नातही आलं नसतं. आणि यांनी तो माझ्या हातात परस्पर देऊन टाकला, वर त्याला घाबरून दाखवलं. म्हणजे झाडं राहिली तरी मीच वाईट. उद्या कुणी विचारलं, इथं शेड का झाली नाही, तर उत्तर तयार – "तिच्या वाटंला कोण जाणार?"

अकरा हात वर गेले आणि त्यातला एकही झाडासाठी नव्हता. माझ्यासाठीही नव्हता. माझ्या विरुद्ध होते ते. वर केलेले हात माझ्या विरुद्ध – हे मी कुणाला समजावू?

आकारामला समजावायला गेले. पाटी सहा वेळा भरली, सहा वेळा पुसली. तो म्हणाला, "आगं, झाडं राहिली न्हवं? मग झालं की. तुला झाडं पायजेत का भांडान?"

मी लिहिलं – मत.

"मिळालंय की."

लिहिलं – भीक मिळाली. नाही, भीकसुद्धा नाही. खंडणी मिळाली, न मागता.

त्यानं पाटी खाली ठेवली. मग म्हणाला, "लई वाकडं हाय तुझं. पर खोटं न्हाय." तेहतीस वर्षांत एवढी मोठी कबुली दिली नव्हती त्यानं.

१८ नोव्हेंबर

सोसायटीला अर्ज दिला. चार ओळी. रविवारचा ठराव मला मान्य नाही. तो भीतीपोटी झाला. मी कुठंही तक्रार केलेली नाही आणि या झाडांवरून करणार नाही, निकाल काहीही लागो. पुन्हा मत घ्या – कॉफीवर घ्या, माझ्यावर नको.

सयाजीरावांनी अर्ज दोनदा वाचला. कागद उलटा करून मागंही बघितलं. "म्याडम, जिंकल्याली इलेक्शन परत कोण लढवतंय वो?"

तेजस्वीला कळलं तेव्हा ती म्हणाली, "मावशी, हरलात तर?"

लिहिलं – तर हरू.

"आणि झाडं?"

रात्री बॅटरी घेऊन बघायला जायचा मोह झाला, गेले नाही. आकाराम जाऊन आला. म्हणाला, कडेच्या झाडाची बांधलेली फांदी वाळली.

२२ नोव्हेंबर, शनिवार

नवी नोटीस. रविवार ३० नोव्हेंबर, फेरमतदान. खाली ठळक अक्षरांत – "फक्त नोंदणीकृत सभासदांनीच उपस्थित राहून बोलावे व मत द्यावे. घरच्या इतर कोणाही व्यक्तीस प्रवेश नाही."

डाव लगेच लक्षात आला. फ्लॅट माझ्या नावावर आहे. म्हणजे आकारामला खुर्ची नाही, भाषण वाचायला परवानगी नाही. आणि मी मुकी. यांना माझी तीन पानं एवढी झोंबणार होती तर! माझ्याशी वाद घालायला एक माणूस पुढं येत नाही. माझं तोंड बंद करायला मात्र नियमाचं पुस्तक उघडलं.

चला. निदान आता घाबरून हात वर करणार नाहीत. निदान एवढं तरी खरं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टरांकडं गेले होते. जखम भरली. आता बोलायला हरकत नाही, पण हळू आवाजात आणि एका वेळी पाच मिनिटांपेक्षा जास्त नाही. भाषण, घोषणा, भांडण – तिन्ही फेब्रुवारीपर्यंत बंद. "भांडण" त्यांनी आकारामकडं बघून सांगितलं.

घरी येऊन पहिलं वाक्य बोलले. "गॅस बंद कर, दूध उतू जातंय." माझा आवाज मला ओळखू आला नाही. खालच्या पट्टीतला, जरा फाटका.

आकाराम म्हणाला, "आलं परत. चार आठवडं लई बरं गेलं."

२५ नोव्हेंबर, मंगळवार

निशिगंधा आली होती, तिसऱ्या मजल्यावरची. बालवाडीत शिकवते. नोटीसचा फोटो दाखवून म्हणाली, "मॅडम, नोंदणीकृत म्हणजे कागदावर ज्याचं नाव तोच ना? मग आमच्यातनं मला जावं लागतंय. घर माझ्या नावावर आहे."

बायकोच्या नावानं घर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट! बिल्डरच्या ऑफिसात प्रत्येकाला हेच सुचवलं होतं. आम्हालाही. ज्यांना जमलं त्यांनी घेतली सूट, घर केलं बायकोच्या नाहीतर आईच्या नावावर आणि विषय तिथंच विसरले. सभेला खुर्चीत बसायचे पुरुष, हात वर करायचे पुरुष, आणि मालकिणी थर्मास घेऊन कडेला. आकारामची तीन पानं अडवायला नियम काढला तो सयाजीरावांनी. त्यांच्याही ध्यानात राहिलं नव्हतं.

"घरात काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, तू जाऊन नुसती बस. मी जिन्यातनं खाकरतो, तेव्हा हात वर कर."

"मग?"

"मग काय. सर्दी झाली तर?" म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसली. मला हसू आलं, पण घसा दुखला.

संध्याकाळी आक्कांकडं गेले. पृथ्वीराजची गाडी नाही हे बघून. आक्का दारात पावट्याच्या शेंगा सोलत बसलेल्या. मला बघून मान खाली घातली.

"आलीस व्हय? तुळस जाऊन म्हैना झाला बाई. माणूस मेलं असतं तर बाराव्यालाबी आली नसतीस."

मी म्हटलं, "आले होते आक्का. एक तारखेला. पाटीवर लिहून आणलं होतं. पृथ्वीराज म्हणाले, तुम्ही झोपलाय."

शेंग हातातच राहिली. "कवा?"

"साडेपाचला, संध्याकाळी."

"दिवेलागणीच्या वक्ताला मी कवा झोपलीया जन्मात?"

मी खाली बसले, शेंगा सोलू लागले. मग त्यांनी स्वतःच सुरू केलं – त्यांना वाटत होतं मी चोथ्याचं मनाला लावून घेऊन त्यांच्याशी बोलणं टाकलंय. तुळशीच्या लग्नाचं ताट भरून ठेवलं होतं. पृथ्वीराज म्हणाला, "त्यांस्नी न्हाय चालत, नगं पाठवू." चार वर्षं चालत होतं ते!

"आक्का, तुळस चोथ्यानंच गेली," मी म्हटलं. "थर जाड झाला. माझ्या सांगण्यात चूक होती."

"व्हय, मीच घालत हुते वंजळ-वंजळ. म्हटलं गुलाबाला डबा आन् हिला चिमूटभर व्हय?" मग माझ्या हातातली शेंग काढून घेतली. "आसं न्हवं, दाणा फुटतोय. भाषान करायचं आन् शेंगा सोलायच्या येगळं हाय."

रविवारबद्दल मी काही विचारलं नाही. त्यांनीही काही सांगितलं नाही. जीभ शिवशिवत होती. पण मत मागायला गेले असं त्यांना वाटलं असतं, तर मी त्या पृथ्वीराजहून वेगळी कशी?

२६ नोव्हेंबर, बुधवार

संविधान दिन. दरवर्षी आज तीन सभा असतात. आज घरी. फोन वाजत राहिला, आकारामनं उचलून सगळ्यांना सांगितलं, "गळा गेलाय." गेलेला नाही, पण वाद घातला नाही.

दुपारी लाल झालेली फळं तोडली. निकाल काही लागो, पिकलेलं झाडावर कशाला ठेवू? फळ चिमटलं की बी बुळबुळीत सुटते. गोडसर गर. दोन बिया पाठीला पाठ लावून बसलेल्या. पातेल्यात भिजत घातल्या, उद्या चोळून धुवायच्या, मग सुपात वाळवायच्या. आकारामनं एक चघळून बघितली. "ह्याला कॉफीचा वास कुठाय?"

"भाजल्यावर येतो."

"म्हंजे तुझ्यागत," म्हणाला आणि पळाला.

२८ नोव्हेंबर

पाच मिनिटांचं भाषण. तीन पानांचं एक केलं. सगळ्यात कडक होतं ते ठेवलं, बाकी काढलं. घड्याळ लावून वाचलं, चार मिनिटं चाळीस सेकंद. खालच्या आवाजात ते विचित्र वाटतं, धमकीसारखं. पुन्हा लिहिलं.

हरले तर सयाजीराव काय म्हणतील ते आत्ताच ऐकू येतंय. जिंकले तर काय म्हणतील तेही. दोन्हीचा संताप आत्ताच येऊन गेला, रविवारसाठी थोडा ठेवायला हवा.

३० नोव्हेंबर, रविवार

हरले. सात विरुद्ध पाच. झाडं आठ दिवसांत काढायची.

पाचही हात बायकांचे. कागदावर नाव असलेल्या सगळ्या आल्या, खुर्च्यांवर बसल्या. थर्मास कुणी आणला नाही. नवरे जिन्यात उभे. निशिगंधाचा नवरा खाकरून खाकरून थकला, तिनं मागं वळून पाहिलं नाही. पहिला हात आक्कांचा. पृथ्वीराज जिन्यातून ओरडला, "आई, हात खाली घे!" त्या म्हणाल्या, "नाव कुणाचं हाय त्ये बघ आन् मग वराड." सयाजीरावांनी हात मोजले, पुन्हा मोजले. पोलिसांचं नाव कुणी काढलं नाही.

त्याआधी निशिगंधा बोलली, दुसऱ्या मजल्यावरच्या बयाबाई बोलल्या, आक्का तर बसायलाच तयार नव्हत्या. माझी पाच मिनिटं मागायचं माझ्या लक्षातच आलं नाही.